दुर्बीण कुणाच्या गळ्यात

लग्न होऊन अंबरनाथला आले तेव्हा मला कावळा, चिमणी आणि कबुतर एवढेच पक्षी ओळखू यायचे. बाकीचे सासऱ्यांनी दाखवले. केमिकल कंपनीतून अधिकारी म्हणून ते निवृत्त झाले होते आणि रविवारी सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून बदलापूरला जायचे. बेलवलीच्या पुढे तेव्हा घरं संपायची आणि भातखाचरं सुरू व्हायची. ओढ्याच्या कडेकडेने आम्ही नदीपर्यंत चालायचो. नवऱ्याला रविवारची झोप प्यारी, सासूबाईंचे गुडघे दुखत, त्यामुळे सोबतीला मी एकटीच. दुसऱ्याच वर्षी त्यांनी दुर्बीण काढून माझ्या गळ्यात घातली. मंगळसूत्र घातलं तेव्हासुद्धा मी इतकी मिरवले नव्हते.

त्यांचा एकच नियम होता. रानात बोलायचं नाही, नुसतं बोट दाखवायचं. मी तो इतका पाळला, की शिंकसुद्धा पदरात जिरवायची.

ऐंशीचं दशक संपता संपता धाकट्या दिराचं लग्न झालं. जाऊ उल्हासनगरची, कॅम्प एकमधल्या कापडाच्या दुकानांच्या गल्लीत वाढलेली. पहिल्याच रविवारी ती आमच्याबरोबर आली आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"बाबा, तो बघा ना तारेवर. पाठ एकदम मोरपंखी, खाली चॉकलेटी, जसं काय मॅचिंग ब्लाउज. आणि गळ्याला पांढरा पीस लावलाय."

साधा खंड्या होता तो, गटारावरही बसतो. आता हिला नियम कळेल म्हणून मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते हसले आणि म्हणाले, "अजून सांग."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पुढे "जरा तिलाही बघू दे" म्हणून दुर्बीण तिच्याकडे गेली ती गेलीच. बदलापूर स्टेशनचा पूल उतरताना ते तिच्या खांद्यावर हात ठेवायला लागले. घरी पेपरसुद्धा तिच्याकडून वाचून घ्यायचे. मी बीए झालेली, ती बारावी, आणि अग्रलेख तिने वाचायचा! स्वयंपाकघरात तिच्या हातून दूध उतू गेलं की मला बरं वाटायचं.

श्रावणात मी डोकं दुखतं म्हणून रविवारचं जाणंच बंद केलं. कुणीतरी आग्रह करेल असं वाटलं होतं, कुणी केला नाही. ते दोघं छत्र्या घेऊन निघून जायचे. परत आले की मी मोरीत मुद्दाम जोरजोरात कपडे धूत बसायची, तिचं पक्षीपुराण कानावर पडायला नको म्हणून.

मग एका रविवारी धाकट्या जावेला ताप आला. सासऱ्यांनी मला विचारलं, "येतेस?" माझं डोकं दुखायचं लगेच थांबलं. खुंटीवरची दुर्बीण मी चपला घालायच्या आधीच गळ्यात घातली.

पाऊस उघडला होता. ओढ्याच्या वळणावर एक मुळी पाण्यावर वाकली होती आणि तिच्यावर तिबोटी खंड्या बसला होता. मुठीत मावेल एवढा पक्षी. पायाला तीनच बोटं म्हणून तिबोटी, हे सासऱ्यांनीच शिकवलेलं. मी आले त्या वर्षापासून ते त्याची वाट बघत होते, आणि आता तो मी त्यांना दाखवणार होते, मी एकटीने. मी श्वास रोखून बोट दाखवलं.

"दिसला. छान आहे," ते म्हणाले. ते पलीकडच्या बांबूच्या बेटाकडे बघत होते.

मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळ्यांना न लावताच ती परत केली.

"तुझं बोट दिसतं, सूनबाई. बोटाच्या पुढचं काही दिसत नाही."

मोतीबिंदू होता. पिकू दे, मग काढू, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि ऑपरेशनच्या नावाने घरात रडारड नको म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. धाकटीलाही नाही. तिला आपोआप कळलं होतं, पहिल्याच रविवारी.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मोतीबिंदूपेक्षा ते 'पहिल्याच रविवारी' मला जास्त झोंबलं. इतकी वर्षं त्यांच्या बरोबरीने चालले ती मी, आणि कळलं तिला.

"बोल ना," ते म्हणाले. "कसा आहे?"

 नियमच असा पाळलेला, की पक्ष्याविषयी बोलायची जिभेला सवयच नव्हती. शेवटी तिचेच शब्द उसने घ्यावे लागले. डोकं राणी कलरचं, वर जांभळी झाक. पोट हळदीसारखं पिवळं. पंख गडद निळे आणि चोच गाजरासारखी. सासरे डोळे मिटून ऐकत होते. त्यांचा चेहरा उजळत गेला आणि माझाही उजळला असावा.

"हाच तो," ते म्हणाले. "गेल्या रविवारी धाकटीने दाखवला होता."

पक्षी अजून मुळीवरच होता. मी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि तिने न पाहिलेलं त्याच्या अंगावर काही उरलंय का, ते शोधू लागले.