काटवल गुरुजींची डॉक्टरीणबाई

तार आली तेव्हा मी नागभीडला घरच्या भाताच्या रोवणीत होतो. चिखलाच्या हातांनीच कागद धरला... ‘सुजाता गंभीर, ताबडतोब या.’ गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचलो, तेव्हा माझ्या बायकोला पांढऱ्या चादरीखाली ठेवलं होतं. मेंदूचा मलेरिया. एटापल्लीहून जीपनं आणताना वाटेत नाल्याला पूर होता, पाणी उतरायची वाट बघत सगळे थांबले होते, हे मागाहून कळलं.

गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हा माझी शिक्षक म्हणून एटापल्लीला बदली झाली. पंचविशी उलटली तरी माझं तोंड मुरमांनी भरलेलं. पोरं पाठीमागं मला ‘काटवल गुरुजी’ म्हणत, त्या काटेरी रानभाजीवरून. मुली बघायला जाणं मी सोडूनच दिलं होतं. सुजाता चंद्रपूरची, एटापल्लीच्या दवाखान्यात आयुर्वेदाची डॉक्टर म्हणून आलेली. मी खोकल्याचं औषध मागायला गेलो, तर ती माझ्या तोंडाकडेच बघत राहिली. मी मान खाली घातली.

“खाली काऊन पाहता, गुरुजी? मले असंच तोंड पाहिजे होतं.”

चारोळी, पळसाची फुलं आणि कडुनिंबाची पानं वाटून ती मुरमांवर लेप करून बघत होती. पहिल्या लेपात करंजाचं तेल घातलं, आणि दुसऱ्या दिवशी माझं तोंड सुजून लाल झालं. शाळेत गेलो नाही. संध्याकाळी ती आली, तर तिचेही दोन्ही गाल लाल.

“तुमाले काऊन लावाचं होतं?” मी चिडून विचारलं.

“तुमाले किती जळलं, ते मले कसं समजन मंग?”

तिनं तेल सोडलं, पानं कमी केली. उन्हाळ्यापर्यंत मुरूम बसले. खड्डे राहिले, ते तिच्यानं कधीच भरले नाहीत. त्याची खंत तिलाच होती, मला नव्हती. पुढच्याच वर्षी आम्ही बुद्धवंदना घेऊन लग्न केलं.

मग आश्रमशाळेच्या मुली येऊ लागल्या, तोंडावर ओढणी धरून. दवाखान्यातले वयस्क कंपाउंडर एकदा तिला म्हणाले, “बाई, इथी लोकं तापानं मरून राह्यले, अन् तुमी मुरूम धरून बसल्या?”

ती रागावली नाही. “तापाचं तं करतोच ना, भाऊ. पण एखादी पोरगी तोंडापायी शाळा सोडते, तिले कोण पाहीन?”

आणि तापाचं ती खरंच करत होती. पावसाळ्यात गोळ्या घेऊन आतल्या गावांत पायी फिरायची. तिथूनच ताप घेऊन आली. जीपमध्ये तिचं डोकं त्या कंपाउंडरभाऊंच्याच मांडीवर होतं. माझ्यापुढं ते रडले, “गुरुजी, मी तसं बोलाले नाई पाहिजे होतं...”

आता महिना होत आला. झोप नाही, जेवणाला वेळ नाही. गेल्या आठवड्यात हनुवटीवर एक पुळी आली. माझ्या तोंडावर काही उठलं की ती चहाच्याही आधी मला दाराच्या उजेडात ओढायची, “हलू नका” म्हणत हनुवटी वर करायची. परवा उठलो आणि तसाच दारात जाऊन मान वर करून उभा राहिलो... समोर पाणी भरणारी शेजारीण बघतच राहिली.

तिनं केलेला लेप फळीवर डबीत आहे. मी लावलेला नाही. पुळी बसेल आपोआप. अजून थोडे दिवस राहिली, तरी राहू दे.