हद्दवाढीच्या सभेचं इतिवृत्त

आमच्या तालुक्याच्या नगरपरिषदेत मी बरीच वर्षं सभा लिपिक होते. अजेंडा टाईप करायचा, तो नगरसेवकांच्या घरी पोचता करायचा, सभेत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून कोण काय बोललं ते टिपायचं आणि नंतर इतिवृत्त लिहायचं, एवढं माझं काम. राहायला मात्र मी हद्दीबाहेर, तीन किलोमीटरवरच्या खेड्यात, सासरी. सकाळी डबा घेऊन स्कूटीवर यायचं, संध्याकाळी परत.

शहरात सोमवारचा आठवडी बाजार मेन रोडवरच भरायचा. कारखाने सुरू झाले की त्याच रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या. एका सोमवारी बाळंतपणाला निघालेली एक बाई रिक्षात दीड तास अडकून पडली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पण गावभर बोंब झाली आणि वाहतुकीचा विषय सभेत आला. एकानं एकेरी वाहतूक सुचवली. दुसरा म्हणाला, आधी हातगाडे उठवा. हातगाडेवाले ज्याच्या वॉर्डातले, तो लगेच उभा राहिला. दोन सभा यातच गेल्या. शेवटी नगराध्यक्षांनी तोडगा काढला, की बाजारच गावाबाहेर न्यायचा आणि मोकळ्या झालेल्या मेन रोडचं नूतनीकरण करायचं. बाहेर जागा कुठं, तर आमच्या खेड्याच्या गायरानावर. आणि गायरान हवं, तर सगळं खेडंच हद्दीत घ्यायला हवं.

तो अजेंडा मीच टाईप केला. घरी आठ दिवस काही बोलले नाही.

माझे सासरे दोन वेळा गावचे सरपंच होते. गायरानावरची कडुलिंबाची झाडं त्यांच्याच काळात लावलेली. त्यांना ही गोष्ट कटिंगच्या दुकानात कळली. संध्याकाळी मी स्कूटी लावली, तेव्हा ते ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते.

"तुला ठावं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो, मामा."

"मंग कावून सांगितलं न्हाई?"

ऑफिसचा कागद आहे, सभेआधी बाहेर सांगता येत नाही, असं मी म्हणाले. त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे सुपात टाकले.

"बरोबर हाय," मग म्हणाले. "मी सरपंच असताना आमच्या ग्रामसेवकानं असं बाहेर सांगितलं असतं, तर मलाबी चाललं नसतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वही घेऊन बसवलं. त्यांचा हात थरथरतो, म्हणून निवेदन मी लिहायचं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. एक वाक्य मला जरा कडक वाटलं. सौम्य करू का म्हटलं, तर म्हणाले, सही माझी हाय, जसं सांगतो तसंच लिही.

सभेच्या दिवशी मी मुख्याधिकारी साहेबांना आधीच सांगून टाकलं, की निवेदन माझ्या सासऱ्यांचं आहे आणि अक्षर माझं. त्यांनी कागद चाळला. तुमचं अक्षर तुम्हाला वाचता येतं ना, मग तुम्हीच वाचा, म्हणाले.

मी उभी राहून वाचलं. शहरात यायला आमची ना नाही, असं त्यात होतं. बाजारालाही ना नाही, पण लिंबाची झाडं तोडू नयेत. आणि शेवटी ते कडक वाक्य: नाल्यापलीकडची वस्ती मागच्या हद्दवाढीत तुमच्यात आली, तिथं एकदा पायी फिरून या आणि मग आम्हाला बोलवा.

दोघं-तिघं हसले. एक ज्येष्ठ नगरसेवक म्हणाले, हे निवेदन नाही, पुढाऱ्याचं भाषण आहे, पुढचा विषय घ्या. तेवढ्यात नाल्यापलीकडच्या वॉर्डाच्या नगरसेविका उभ्या राहिल्या. निवडून आल्यापासून या बाई 'अनुमोदन' सोडून दुसरा शब्द बोलल्याचं मी कधी टिपलं नव्हतं.

"त्यात खोटं काय हाय?" त्या म्हणाल्या. "आमी घरपट्टी शहराची भरतो अन् पाणी टँकरचं पितो. गटार तर न्हाईच. पावसाळ्यात लेकरं चिखलातून शाळेत जातेत."

पदर नीट करून त्या खाली बसल्या. पुढचा विषय घ्या, असं पुन्हा कुणी म्हटलं नाही.

त्यानंतर तासभर खरी चर्चा झाली. हद्दवाढीचा ठराव मंजूर झालाच, पण दुरुस्तीसह. आधी नाल्यापलीकडं आणि आमच्या खेड्यात, दोन्हीकडं रस्ता आणि गटार, मग बाजार. लिंबाच्या बाजूचं अर्धं गायरान मोकळं ठेवायचं.

आमच्याकडं रिवाज असा, की कितीही भांडणं झाली तरी इतिवृत्तात 'साधकबाधक चर्चा होऊन' एवढंच यायचं. मी पहिल्यांदाच तो मोडला. निवेदन आणि बाईंचं बोलणं शब्दन् शब्द लिहिलं. साहेबांनी विचारलं, एवढं सगळं लागतं का?

"उद्या गटार झाली नाही, तर दाखवायला हाच कागद राहील, साहेब," मी म्हणाले.

त्यांनी पेन उघडं धरून ते पान परत वाचलं आणि सही केली.

वरून मंजुरी यायला पुढं दोन वर्षं लागली. मग एके दिवशी ग्रामपंचायतीचा बोर्ड उतरवला. रस्ता झाला, पण गटार अर्ध्यात थांबली आणि बाजार मात्र येऊन बसला. सासऱ्यांनी रीतसर अर्ज करून इतिवृत्ताची नक्कल काढली. त्या नगरसेविकेला सोबत घेऊन त्यांनी नगरपरिषदेत चार खेपा घातल्या. तोवर साहेबही बदलून गेले होते. नव्या साहेबांनी ती पानं वाचली आणि काम पुन्हा सुरू झालं. आधी नाल्यापलीकडं, मग आमच्याकडं.

बाजाराच्या दिवशी मेन रोडवरून आता रिक्षा सरळ जाते. आमच्या दारासमोर मात्र गटारीला उतार नीट दिलेला नाही, तिथं पाणी तुंबतं. सकाळी सासरे खराटा घेऊन ते पुढं ढकलतात. एकदा मी म्हटलं, मामा, राहू द्या, मी नगरपरिषदेच्या सफाई कामगाराला सांगते. ते म्हणाले, तो यील तवा यील, तवर वास आपल्यालाच यायचा. आणि शेजाऱ्याच्या दारासमोरचं पाणीही ढकलत ते पुढं गेले.