बारा आण्यांची आखणी

घरी पाहुणे आले की बायको मला एकच गोष्ट सांगायला लावते. कारखान्याचं बॉयलरघर मी परक्याच्या हरभऱ्यात कसं नेलं, ती. सांगताना मी कुठे हात आखडता घेतला, तर मधेच दुरुस्त्याही करते. वास्तविक हे घडलं तेव्हा आमचं लग्नसुद्धा व्हायचं होतं.

पन्नासच्या दशकातली पिंपरी म्हणजे रेल्वेचं ठाणं, निर्वासितांची छावणी आणि उरलेला सगळा माळ. त्या माळावर एक कारखाना उभा राहत होता, आणि मोजणी खात्यातली सरकारी नोकरी सोडून मी तिथे आखणीच्या कामावर लागलो होतो. तीन महिने कच्ची नोकरी, काम पसंत पडलं तर पक्की. वडिलांना मी पत्रात ‘इंजिनियर झालो’ असं कळवून टाकलं होतं. त्यांनी ते पत्र देवळात चारचौघांना वाचून दाखवलं. आता परत गावी जायचं तर रात्रीच्या गाडीनेच जावं लागलं असतं.

आखणी म्हणजे नकाशावरचा खांब जमिनीवर नेमका जिथे यायचा तिथे लाकडी खुंटी ठोकायची आणि खुंटीच्या डोक्यात खिळा. खिळ्याच्या जागी खड्डा, खड्ड्यात पाया, पायावर खांब. माझा खिळा चुकला की वरचं सगळंच चुकलं. अख्ख्या कारखान्यात खुंटीइतकी स्वस्त वस्तू दुसरी नव्हती, म्हणून कुणी तिला शेळी बांधायचं, कुणी चुलीत घालायचं. रोज सकाळी मी आधी खुंट्या मोजत असे. पण आपल्या खिळ्यावर भिंत उभी राहिली की तिच्याकडे बघत विडी ओढावीशी वाटायची. मी विडी ओढत नव्हतो. तेवढ्यासाठी शिकलो.

माझ्या हाताखाली आबा होते. साठीला टेकलेले, शेजारच्याच गावचे. तीस वर्षं त्यांनी मोजणीदारांमागे साखळी ओढली होती. त्यांची बहुतेक जमीन कारखान्यात गेली होती, हद्दीला लागून एक पट्टा तेवढा राहिला होता. त्यात हरभरा होता. दुपारी सगळे भाकरी सोडायचे तेव्हा आबा आधी हरभऱ्यात एक फेरी मारून यायचे.

“काय म्हणतोय हरभरा?” मी विचारायचो.

“घाटं धरतोय,” एवढंच म्हणायचे.

आणि वर इंजिनियरसाहेब. ते चिडले की आवाज खाली जायचा. मी मोजणी खात्यातून आलेला, म्हणून मला ‘मोजणीदार’ म्हणायचे. “मोजणीदार, इथे फूट आणि इंच. तुमचे ते आणे विसरायचे.” आमच्या खात्याची साखळी तेहतीस फुटांची, आणि तिचे सोळा भाग. त्या भागांना आणे म्हणत. मी साहेबांना छातीठोक सांगितलं होतं, की आणे मी कधीच विसरलो.

तिसरा महिना संपत आला तेव्हा साहेब चार दिवस पुण्याला निघाले. जाताना म्हणाले, “बॉयलरघराचे दहा खांब. एका ओळीत, बारा-बारा फुटांवर. सोमवारी खोदाई लागेल. तुमच्या नोकरीचा कागद त्यानंतर लिहितो.”

“एका सकाळीत करतो,” मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी मी खोली बदलली. वळकटी सायकलच्या कॅरिअरला बांधायला दोरी मिळेना, म्हणून कंपनीची कापडी टेप वापरली. चिंचवडच्या उतारावर सायकलच्या चेनने ती टेप अर्ध्याच्या वर खाऊन टाकली. पोलादी टेप साहेबांच्या कपाटात कुलपात. आणि हे सांगायचं कुणाला?

आबांना सांगितलं. ते जरा विचार करून म्हणाले, “साखळी हाय की घरी.”

“मोजणीची?”

“व्हय. पर बैल बांधलाय तिला.”

आम्ही बैल सोडला. मी सुताराची फूटपट्टी घेतली आणि एक लाल चिंधी. बेत साधा होता : साखळीवर बारा फूट मोजायचे, तिथे चिंधी बांधायची, आणि त्या मापाने पुढे जायचं. चिंधी मी खिशात ठेवली.

शनिवारी सकाळी दुर्बीण लावली. म्हणजे थिओडोलाइट, पण माळावर सगळे दुर्बीणच म्हणायचे. काम वाटलेलं होतं. मी दुर्बिणीतून ओळ द्यायची, डावीकडे-उजवीकडे हात हलवून. अंतर आबांनी धरायचं आणि खुंटी ठोकायची. साखळीचं दुसरं टोक एक गडी धरून होता. साखळी खुळखुळली आणि मला एकदम जुन्या खात्यात असल्यासारखं बरं वाटायला लागलं. मी ऐटीत ओरडलो, “आबा, दर बाराला एक खुंटी.”

“बारा,” आबांनी तिकडून होकार दिला.

त्या दुर्बिणीत माणूस उलटा दिसायचा, डोकं खाली, पाय वर. आणि लांबचं सगळं हाताशी आल्यासारखं दिसायचं. त्यामुळे उलटे आबा किती लांब गेलेत हे मला कळत नव्हतं आणि मला त्याची फिकीरही नव्हती. माझी रेघ सुतासारखी चालली होती. सात खुंट्या झाल्या आणि आबा थांबले. हातोडा खाली सोडून तसेच उभे. मला वाटलं, म्हातारा दमला किंवा तंबाखू मळतोय. मी जोरजोरात हात हलवला. चला, चला. ते चालू लागले. राहिलेल्या तीन खुंट्याही ठोकल्या. अकरा वाजता माझं काम संपलेलं होतं. तिकडे चालत जाऊन एकदा पाहून यावं, एवढंही माझ्या मनात आलं नाही. मी विडी पेटवली.

सोमवारी साहेब आले तेव्हा खोदाई सुरू झाली होती. सावलीचं झाड ओळीच्या शेवटच्या टोकाला, म्हणून मुकादमाने कामही त्याच टोकाने लावलं होतं. साहेब पहिल्या खुंटीपासून पावलं मोजत निघाले. अडीच फुटांचं एक पाऊल, पाच पावलांत दुसरी खुंटी यायला हवी. ती दहाव्या पावलाला आली. पुढचीही दहाव्याच. मी मागून चालत मनात तीच पावलं पुन्हा मोजत होतो.

पुढे दगडांची हद्द लागली. हद्दीपलीकडे हरभरा, आणि हरभऱ्यात कमरेइतके खोल तीन खड्डे. आबा बांधावर बसले होते.

साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, “मोजणीदार, आपण बॉयलरघर बांधतोय की फलाट?”

मला दरदरून घाम फुटला. खिशात हात घातला, हाताला कापड लागलं, त्याने तोंड पुसलं. साहेब माझ्या हाताकडे बघत राहिले. ती लाल चिंधी होती.

“आबा,” मी विचारलं, “बारा काय धरलेत?”

“आणे,” आबा म्हणाले. “साखळीवर दुसरं काय आसतं?” बारा आणे म्हणजे पावणेपंचवीस फूट.

मुकादम फिस्सकन हसला आणि खड्ड्यात उतरला. सगळं आबांवर ढकलायचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. चांगला आला, आणि दोन वाक्यं जुळवूनही झाली. पण साहेबांनी आधीच त्यांना विचारलं, “तुमच्या स्वतःच्या वावरात खुंट्या ठोकल्यात तुम्ही. बोलला का नाहीत?”

“मला वाटलं, ह्यो पट्टा बी गेला. ह्या सायबांनी तिकडून हात हालवला.”

“अहो, पण विचारायचं.”

“तीस वर्सं लोकांच्या वावरात खुंट्या ठोकल्या, सायेब. ते बी इचारायचे. आमी काय सांगायचो? वरनं आलंय.”

माझी जुळवलेली दोन्ही वाक्यं विरघळली. मी सगळं सांगून टाकलं : टेप, सायकल, बैल, चिंधी, आणि फूट मनात धरून तोंडाने नुसतं ‘बारा’ बोललो तेही. साहेब ऐकत होते. मग त्यांनी पहिल्या खुंटीवर दुर्बीण लावून घेतली, डोळा लावला आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. मी मनातल्या मनात गावच्या गाडीची वेळ आठवत होतो.

“सात खुंट्या आणि तीन खड्डे, सगळे एका रेघेत आहेत,” शेवटी ते म्हणाले. “सूतभरही इकडेतिकडे नाही.” मग माझ्याकडे वळून, “तुम्हाला सरळ जाता येतं. थांबायचं कुठे तेवढं कळत नाही.”

कपाटातली पोलादी टेप त्यांनी स्वतः आणून दिली. संध्याकाळपर्यंत मी एकट्याने सगळी ओळ पुन्हा आखली, आणि प्रत्येक खुंटीला ‘बारा फूट’ असं मोठ्याने म्हणत होतो. साहेबांची तशी अटच होती. बायामाणसं पाट्या खाली ठेवून ऐकत होती. कागद आठवड्याने मिळाला. त्यात हुद्दा ‘आखणीकार’ होता, इंजिनियर नव्हे. हे कळवणारं पत्र वडिलांनी देवळात नेलं नाही.

पण त्याआधी, त्या सोमवारी संध्याकाळीच, मला आबांकडे जायचं होतं. मी चार गडी घेऊन गेलो आणि म्हणालो, “आबा, खड्डे बुजवून देतो. हरभऱ्याचं काय ते मी बघतो.”

“खड्डं ऱ्हाऊ द्या,” आबा म्हणाले. “आयतं पडल्यात. उनाळाभर तापू द्या, मिरगाला आंबं लावतो. आता पट्टा माझा हाय न्हवं?”

“तुमचाच आहे.”

“मग झालं. तेवढं एकदा कागदावर बघून सांगा.”

मी कागदावर बघितलं, आबांना बरोबर घेऊन, हद्दीचा दगड न् दगड दाखवून. माझ्या नोकरीतली ती एकच मोजणी अशी होती, की जी वरून कुणी सांगितलेली नव्हती आणि जी आण्याआण्याने बरोबर आली.

झाडं धरायला लागल्यावर दर उन्हाळ्यात आबांच्या घरून एक पाटी यायची. आणणारा दारातूनच हाक द्यायचा, “बारा आण्याचे आंबे आलेत.” पहिली पाटी आली तेव्हा नवी बायको आत होती. तिने विचारलं, एवढे आंबे बारा आण्यात कसे? आणि मला पहिल्यांदा ही गोष्ट सांगावी लागली.