पहिल्या बाकावरचा खोकला

पाळकाकडे किस्से साचायला वेळ लागत नाही. लग्न, बाप्तिस्मा, मयत, सगळीकडे आमचं बोलावणं. आणि रविवारी तर बोलणारे आम्ही एकटेच! शिळफाट्याजवळच्या आमच्या छोट्या चर्चमधले माझे बहुतेक किस्से मात्र एकाच माणसाचे आहेत. योहानकाका. साजगावच्या कारखान्यातून रिटायर झालेले, पहिल्या बाकावर बसणारे आणि उपदेशाच्या पंचविसाव्या मिनिटाला खोकणारे!

* * *

मी इथे नवा होतो, मला वाटलं दमा असेल. उपासनेनंतर आस्थेने विचारलं, "काका, आल्याचा काढा पाठवू का?"

"मला काय झालंय? तुमचा उपदेश संपला होता. तुमाला कळलं नाय, म्हणून सांगितलं!"

शेजारी मार्थाकाकींनी नवऱ्याला कोपर मारलं. "सायबांना असं बोलतात व्हय?" त्या लाजेने पार अर्ध्या झाल्या होत्या.

* * *

मग आम्ही नवा माईक घेतला. त्यात खोकला बुडून जाईल, असं मी मनात धरलं होतं. पुढच्या रविवारी काकांनी बाकच दोन फूट पुढे ओढला. खोकला स्पीकरमधून थेट हायवेपर्यंत गेला!

* * *

लॉकडाऊनमध्ये चर्च बंद. मी स्वयंपाकघरात मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून लाइव्ह उपदेश सुरू केला. समोर कोणी नाही, खोकला नाही. पाऊण तास झाला तरी मी रंगात! तेवढ्यात तोच मोबाइल वाजला आणि लाइव्ह बंद पडलं.

"सायेब, लोकांची जेवणं निवतायत. आमेन म्हणा!"

मी जाम चिडलो. पण खरं सांगतो, पुढच्या रविवारी पंचविसाव्या मिनिटाला मी त्या फोनची वाट बघत होतो.

* * *

हल्ली मोबाइलला सांगितलं की तो उपदेशही लिहून देतो. लेकीने शिकवलं, आणि एका रविवारी मी तो तसाच वाचला. काय देखणी भाषा! काका एकदाही खोकले नाहीत. मी खुशीत दारात उभा राहिलो.

"काका, आज कसं वाटलं?"

"चांगलं व्हतं. पण बोलत कोण व्हतं, सायेब? तुमी तर नव्हता!"

तेव्हापासून मी पुन्हा हाताने लिहितो.

* * *

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. शवपेटी पहिल्या बाकापुढे ठेवली होती. चार शब्द बोलायला म्हणून मी उभा राहिलो आणि बोलतच राहिलो. माईकचं सांगितलं, साखरेच्या डब्याचं सांगितलं. लोक हसले, मग रडले, मग चुळबुळायला लागले. मी थांबलो की पेटी झाकायची होती, आणि ते माझ्याने होत नव्हतं. दाराबाहेर खांदेकरी उन्हात ताटकळले होते. मला अडवायची कुणाची हिंमत होत नव्हती.

मार्थाकाकी पहिल्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि खोकल्या.