दहामिनिटे साहेबांची घंटी

त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण कारखान्यात ते कुणी वापरत नसे. कुठलंही काम सांगा, ते "दहा मिनिटांत होतं" म्हणायचे, आणि ते दहा दिवसांत झालं तरी आम्ही नशीब समजायचो. गेटवरच्या हमालांनी त्यांचं नाव दहामिनिटे ठेवलं. आमच्याकडे दहातोंडे, सातपुते अशी आडनावं असतातच, त्यामुळे बाहेरच्या लोकांना ते खरं वाटे. एका व्यापाऱ्याने तर मुलीच्या लग्नपत्रिकेवर 'श्री. दहामिनिटे, सहकुटुंब' असं लिहून पाठवलं. साहेबांनी ती पत्रिका टेबलाच्या काचेखाली ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. अपमान कळायलाही थोडी अक्कल लागते, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

नव्वदीची सुरुवात होती. आदिलाबादच्या कापूस बाजारामागे आमचा जिनिंग-प्रेसिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना. शेठजींनी तिथे कॉम्प्युटर आणला आणि त्याच्यासाठी हैदराबादहून हे साहेब आणले. मी नागपूरला डिप्लोमा करून आलेली, जैनथकडच्या एका शाळामास्तरांची मुलगी, त्यांच्या हाताखाली. खोलीला एसी होता तो कॉम्प्युटरसाठी, पण त्याच्या वाऱ्यात खुर्ची साहेबांची, आणि कॉम्प्युटर भिंतीकडे तापत बसलेला. चपला बाहेर काढायचा नियम आम्हा सगळ्यांना होता. साहेबांच्या बुटांना नव्हता.

त्या एका यंत्रावर चार कामं चालायची. वजनकाट्याचा आकडा घ्यायचा, कापूस वाळवायच्या भट्टीवर लक्ष ठेवायचं, जेवणाचा भोंगा वाजवायचा आणि गाठी बांधायचा प्रेस चालवायचा. साहेबांनी प्रोग्रामचे चार तुकडे केले होते. प्रत्येक तुकड्याने आपलं थोडं काम करायचं आणि आपण होऊन बाजूला व्हायचं, म्हणजे पुढच्याचा नंबर लागतो. पुस्तकात त्याला कोरुटीन म्हणतात. सार्वजनिक नळावर एकेक घागर भरून सरकायची रीत असते, तसंच. ज्याला वाट बघायची असेल त्याने 'मला तीस सेकंदांनी उठवा' सांगून झोपून जायचं. कल्पना सुरेख होती, म्हणजे अर्थातच साहेबांची नव्हती. ती त्यांनी एका जाड इंग्रजी पुस्तकातून उचलली होती. त्या पुस्तकाची पहिली शंभर पानं हाताळून मळली होती. वाट किती बघायची आणि लावलेला टायमर रद्द कसा करायचा, ही प्रकरणं त्यापुढे होती. ती पानं कोरी करकरीत होती.

स्वतः साहेब कुणासाठी दोन मिनिटं थांबल्याचं मी पाहिलं नाही. त्यांचा प्रोग्राम मात्र काट्याच्या उत्तरासाठी जन्मभर थांबायला तयार, तोही नळ अडवून. एकदा उंदराने काट्याची वायर कुरतडली. उत्तर येईना, तुकडा बाजूला होईना, आणि जेवणाचा भोंगा वाजलाच नाही. शेवटी कामावरच्या बाया उन्हाकडे बघून जेवायला उठल्या. मी म्हटलं, पाच सेकंदांत उत्तर आलं नाही तर नाद सोडून पुढे जावं, असा टाइमआउट घालू. साहेब म्हणाले, "मशीन आहे बाई ते. माणसासारखं दगा नाही देत." उंदीर त्यांनी हिशेबात धरला नव्हता. टाइमआउट मी त्यांच्या पाठीमागे घातला, आणि तो आपणच घातल्याचं त्यांनी शेठजींना सांगितलं.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येत होतं. प्रेसचं तसं नव्हतं. प्रेसची पेटी माणसापेक्षा खोल, आणि त्यात उतरून पायाने कापूस तुडवायचं काम पोशट्टी नावाच्या मजुराचं. तीस वर्षं तो तेच करत आला होता. कापूस बसला की वरून लोखंडी दट्ट्या उतरून गाठ दाबायचा. दट्ट्याआधी घंटी, आणि घंटीनंतर पूर्ण तीस सेकंद, म्हणजे पोशट्टीला बाहेर यायला वेळ. हिरवं बटण दाबलं की घंटी सुरू, लाल दाबलं की सगळं रद्द. बटणं वर उभ्या असलेल्या प्रेसवाल्या गणपतच्या हातात असायची.

आता गणपतची एक रीत होती. पूर्वी प्रेसवर हातघंटी होती. एक टोला म्हणजे 'आवरतं घ्या', मग जरा दम धरून सलग घंटी म्हणजे 'निघा'. बटणं आली तरी रीत गेली नाही. गणपत हिरवं दाबायचा, लगेच लाल दाबून घंटी तोडायचा, पोशट्टी खालून "हो" म्हणाला की पुन्हा हिरवं. साहेबांनी प्रेस कसा चालतो हे कधी उभं राहून बघितलंच नव्हतं. एसीतून प्रेस दिसत नाही.

एक दिवस पोशट्टी माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, घंटी आता लवकर सरून राह्यली." साहेबांनी आतूनच विचारलं, त्याला घड्याळ तरी कळतं का? पोशट्टीला घड्याळ कळत नव्हतं. त्याला शिडीच्या नऊ पायऱ्या कळत होत्या. घंटी लागल्यावर सावकाश नऊ पायऱ्या चढून, वर बसून पायाचा कापूस झाडायलाही त्याला वेळ उरायचा. आता कधीकधी सहाव्या पायरीवरच डोक्यावर दट्ट्या हलायला लागायचा. रोज नाही, कधीकधी. आणि कधीकधी होणारी गोष्ट गरिबाने सांगितली की ऐकणाऱ्याच्या लेखी तो म्हातारा झालेला असतो.

मी मनगटी घड्याळ घेऊन प्रेसपाशी दोन दिवस बसले आणि मला ते सापडलं. पहिल्या हिरव्याला एक तुकडा तीस सेकंदांसाठी झोपायचा. लाल दाबलं की साहेबांचा प्रोग्राम 'रद्द' अशी फक्त पाटी लावायचा. झोपलेल्याला कुणी उठवून सांगत नव्हतं की बाबा, तुझं काम गेलं. वीस सेकंदांनी गणपतने पुन्हा हिरवं दाबलं की ती पाटी पुसली जायची आणि दुसरा तुकडा झोपायचा. दहा सेकंदांनी पहिला उठायचा, पाटी नाही असं बघायचा आणि दट्ट्या सोडायचा. तीसचे दहा झाले ते असे. गणपतने जास्त वेळ दम धरला तर काहीच व्हायचं नाही, म्हणून ते रोज घडत नव्हतं.

हे सगळं मी कागदावर काढून साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. "उसको दो बार बटन दबाने को बोला कौन?" एवढंच म्हणाले, आणि मग, "बघतो, दहा मिनिटांत." गणपतला मी रीत सोडायला सांगितलं. तो हो म्हणाला आणि हाताने तेच करत राहिला; वीस वर्षांची सवय होती ती.

पाचव्या दिवशी दट्ट्या उतरला तेव्हा पोशट्टी कमरेपर्यंत बाहेर होता. गणपतने त्याला काखेत धरून ओढलं. खांद्यावरचा दुपट्टा आत राहिला आणि गाठीत दाबला गेला. पोशट्टी सरकीच्या ढिगावर बसला आणि त्याने पाणी मागितलं. पाणी मी दिलं, आणि मला इतका राग आयुष्यात पुन्हा कधी आला नाही.

मी चपलांसकट एसीत गेले. साहेब म्हणाले, माझ्या प्रोग्राममध्ये चूक नाही, मी स्वतः पेटीत उतरून दाखवतो. आणि खरंच उतरले, बुटांसकट. त्यांच्या आधी जाऊन मी गणपतला दट्ट्या ढकलणारा तेलाचा पंप बंद करायला सांगितलं होतं. दट्ट्या येणार नव्हता, कॉम्प्युटरचा हुकूम सुटल्याचा फक्त लाल दिवा लागणार होता. हे साहेबांना ठाऊक नव्हतं. त्या माणसाच्या बाजूने मी एवढीच एक गोष्ट सांगू शकते, की त्याचा आपल्या चुकीवर जिवापाड विश्वास होता.

हिरवं, लाल, घड्याळात वीस सेकंद, पुन्हा हिरवं. साहेब ऐटीत शिडी चढू लागले. ते चौथ्या पायरीवर असताना दिवा लागला. त्यांनी वर पाहिलं. हुकूम सुटला होता आणि दट्ट्या येत नव्हता, का ते त्यांना कळेना. त्यांचे हात सुटले आणि ते कापसात बसले. कुणी हसलं नाही. पोशट्टीने काठावरून हात खाली दिला.

"या साहेब वर," तो म्हणाला. "तिथं दहा मिंटं नाही भेटत."

त्या दिवशी साहेब कॉम्प्युटरपुढून जेवायलाही उठले नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांनी दुरुस्ती केली. प्रत्येक घंटीला एक नंबर दिला. उठणाऱ्या तुकड्याने आधी बघायचं, चालू नंबर आपलाच आहे का. नसला तर मुकाट्याने संपून जायचं. एवढंच होतं, खरोखर दहा मिनिटांचं काम. साहेबांनी माफी मागितली नाही, आणि गाठीतला दुपट्टा गिरणीत निघाला तेव्हा आलेल्या तक्रारीवर पोशट्टीचाच निष्काळजीपणा म्हणून सही केली. तोंडावर थोडं बरं वागून मागे घाण करायची त्यांची खोड काही गेली नाही.

हंगाम संपल्यावर ते हैदराबादला परत गेले. बस स्टँडवर मला म्हणाले, पोचलो की दहा मिनिटांत पत्र टाकतो. पत्र आलं नाही, आणि मी वाटही पाहिली नाही.

ते गेल्यावर मी त्यांचा प्रोग्राम पहिल्यांदा सबंध उघडून बसले. नंबर ठेवायच्या त्या जागेला काहीतरी नाव द्यावं लागतं. साहेबांनी इंग्रजी अक्षरांत 'पोशट्टी' लिहिलं होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कुणाला दिसणारही नव्हतं. ते वाचून मला रडू आलं, आणि त्याचाही मला राग आला.

त्या एका शब्दापुरतं मी त्यांना माफ केलं, बाकीचं नाही. पण मी पुढे जिथे जिथे टायमर लावला तिथे त्या जागेला तेच नाव दिलं. ऑफिसातली मंडळी विचारतात, हे कशाचं लघुरूप आहे. मी सांगते, लघुरूप नाही, माणूस आहे, आणि तो पेटीत आहे.