दाऊदचाचांची टाकी

दाऊदचाचा सकाळी खोलीबाहेर आले की आधी चढावरच्या तेलाच्या टाकीकडे बघायचे आणि मग आम्हाला तिचा रंग सांगायचे. "आज जांभली हाय." आखातातल्या फिंतासच्या आमच्या खोलीतले सगळे हसायचे, कारण टाकी पांढरी होती आणि ती पांढरी चाचांनीच केली होती. कंत्राटदाराकडे ते रंगारी होते. खारी हवा रंग खाते, म्हणून शिडी लावून त्याच टाक्या पुन्हा पुन्हा रंगवायच्या, हे त्यांचं काम. कोणी फारच चिडवलं तर म्हणायचे, "रंग मी लावतो रे. पन तो कसला दिसायचा ते ऊन ठरवतं."

पाइपांना लावायचे लाल, निळे, पिवळे रंग डब्याच्या तळाशी उरत. त्या रंगांनी चाचा डब्यांच्याच झाकणांवर चित्रं काढायचे. चित्र एकच, टाकीचं. सकाळची टाकी, धुळीच्या वाऱ्यातली टाकी, हिवाळी धुक्यातली टाकी. खाटेखाली झाकणांची थप्पी होती.

मी त्याच कंत्राटदाराच्या ऑफिसात कारकून होतो. रत्नागिरीकडच्या आमच्या मोहल्ल्यातला पहिला बी.ए.; हे मी कोणी न विचारताही सांगत असे. एक गोरा साहेब मायदेशी परत गेला, त्याने टाकून दिलेल्या सामानात मला चित्रांचं पुस्तक मिळालं. त्यात पेंढ्याची उडवी होती, पानामागून पान तीच. मी चाचांना समजावलं, हे फ्रान्सचे चित्रकार, ह्यांना इम्प्रेशनिस्ट म्हणतात.

चाचा गंभीर झाले. "म्हंजे ह्यांना पन सही येत नव्हती?"

आमच्या ऑफिसात इम्प्रेशन म्हणजे अंगठा. सही न येणाऱ्यांना सगळे इम्प्रेशनवाले म्हणत, आणि चाचा त्यांतले. मी पोट धरून हसलो आणि तो किस्सा आठवडाभर ज्याला त्याला सांगत सुटलो. चाचांना राग आला नाही. "मग आमच्यातलेच की," म्हणून त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं. एका उडवीवर बोट ठेवून म्हणाले, "ही दव सुकायच्या आधीची. हात बघ कसा पललाय ह्याचा. ऊन थांबत नाय ना." चित्राखाली इंग्रजीत जवळपास हेच छापलं होतं. ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी झाकणांवरची टाकी तांबूस होत गेली, कडा विरघळल्या. मला वाटलं, चाचा त्या पुस्तकातून शिकले. खरं म्हणजे त्यांना धुरकट दिसत होतं, आणि डॉक्टरी तपासणी आठवड्यावर आली होती. नापास झालेल्याला पुढच्या बोटीने गावी पाठवत.

शुक्रवारी नमाजानंतर त्यांनी मला समुद्राकडे नेलं. अडाण्यांची नजर तपासायच्या तक्त्यावर कंगव्यासारखी अक्षरं असतात, दाते कुठल्या बाजूला ते हाताने दाखवायचं. तो तक्ता आमच्या ऑफिसात होता.

"कंगवा कुठं तोंड करतो तेवढं सांग. पाठ करतो."

मी म्हणालो, चाचा, शिडीवरून पडाल.

"पडंन तेव्हा पडंन. गावी जाऊन पुतण्याच्या ओटीवर आंधला होऊन बसायचाच हाय मना. डोले हायत तोवर इथं बघून घेऊ दे."

मी सांगितलं नाही. मी शिकलेला माणूस आहे, लबाडी करणार नाही, असं म्हणालो. ते म्हणाले, "बरोबर हाय तुजा." पुन्हा विचारलं नाही.

तपासणीचा कागद माझ्याच टेबलावर आला. इंग्रजी, डॉक्टरचं गिचमिड अक्षर. चाचा समोर उभे होते. वर "अनफिट" दिसलं तेवढं मी वाचून सांगितलं. त्यांच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून कागद वळवून शाईचा पॅड पुढे सरकवला. त्यांनी अंगठा ठेवला. अजून काय लिहिलंय, असं त्यांनी विचारलं. काही नाही, म्हणालो.

झाकणं ते बरोबर घेऊन गेले. पुतण्याची पत्रं येत. चाचांना आता काहीच दिसत नाही, ओटीवर बसून झाकणांवरून बोट फिरवतात, कुठली सकाळची ते रंगाच्या थरावरून सांगतात. तीन वर्षांनी ते गेल्याचं पत्र आलं. पुतण्याला त्यांच्या नोकरीचा दाखला हवा होता, म्हणून मी फाइल काढली.

"अनफिट"च्या खाली आणखी दोन ओळी होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुंबईला शस्त्रक्रिया करून घ्यावी, नजर परत येण्यासारखी आहे, त्यानंतर कामावर घेण्यास हरकत नाही. अक्षर इतकंही वाईट नव्हतं.

तो कागद त्यांना वाचून दाखवायचं काम माझं होतं.