सुधाकरच्या दोन पदव्या

घरात एकच माणूस शिकलेला असला की किस्से आपोआप साठतात. आमच्यात तो माझा मुलगा सुधाकर. मी चौथी शिकलो, मेंढरं राखली आणि त्याला शिकवलं.

पहिली पदवी सामाजिक मानसशास्त्राची. ते नाव मी पाठ केलं आणि सोयगावात पारावर सांगितलं. एकानं विचारलं, "म्हंजे येड्यांचा डॉक्टर का?" घरी येऊन सुधाकरला विचारलं. म्हणाला, "नाय आबा, शहाणी माणसं गर्दीत येड्यासारखी का वागतात, ते शिकतो." महिनाभर मी हेच लोकांना ऐकवत फिरलो.

*

त्याची आई गेली. दहाव्याला बायका रडत होत्या. सुधाकर माझ्या कानाशी म्हणाला, "एक रडली की बाकीच्या रडतात. याला आमच्या शास्त्रात नाव आहे."

मी विचारलं, "तू नाय रडला ते?"

त्याला शास्त्रात नाव नव्हतं.

*

दुसरी पदवी टेक्नॉलॉजी मार्केटिंगची. पहिलीचं काय झालं, म्हणून विचारलं. म्हणाला, तीच इथं कामाला येते. गिऱ्हाईकाच्या मनात काय आहे ते आधी कळावं लागतं. आम्ही बाजारात गिऱ्हाईकाला मेंढराचे दात दाखवायचो, वय कळायला.

*

एकदा त्यानं चिकलठाण्याचं ऑफिस दाखवायला नेलं. कंपनी म्हाताऱ्यांसाठी घड्याळ विकते. बाप कुठं आहे, किती चालला, ते मुलाला मोबाईलवर दिसतं. सुधाकर नव्या पोरांना शिकवत होता, "घड्याळ बापाला विकू नका, मुलाला विका. भेटायला जमत नाही याची त्याला टोचणी असते. आपण त्या टोचणीवरचं औषध विकतो." टाळ्या पडल्या. मी मागच्या खुर्चीत होतो.

निघताना त्यानं एक घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं.

*

आधी दर रविवारी सुधाकरचा फोन यायचा. जेवलात का, गुडघा काय म्हणतो, एवढंच विचारायचा. घड्याळ आलं आणि फोन बंद झाला. शेवटी मीच लावला.

"दिसतंय की सगळं, आबा," म्हणाला. "मीटिंगमध्ये आहे."

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ काढलं. कळपाच्या पुढं चालणाऱ्या मेंढ्याच्या गळ्यात, घंटीच्या दोरीला बांधलं. एकदा चार्ज केलं की महिनाभर चालतं, अशी त्याचीच जाहिरात. माझा धाकटा भाऊ महादू रोज कळप घेऊन डोंगराकडं जायचा. मी गुडघा धरून बाजेवर.

महिना होत आला, तेव्हा सुधाकरचा फोन आला. खूश होता. म्हणाला, परवा ऑफिसात सगळ्यांना तुमचंच उदाहरण दिलं. आई गेल्यावर बसून होते, घड्याळ बांधलं आणि रोज डोंगर चढायला लागले.

"आबा, तब्येत एकदम झकास आहे तुमची."

"व्हय," मी म्हणालो. "कालच लोकर कातरली."